माझ्या शेवटच्या डब्यातली काडतुसं

प्रिय व्हर्लिन,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस, वीज कंपनीची पत्रंही अशीच सुरू होतात. तुझा बुटांचा खोका मला ऑगस्टच्या सुरुवातीलाच मिळाला होता. उत्तराला उशीर झाला, पण तू वाट बघत होतास हे मला ठाऊक होतं आणि त्यात मला बरं वाटत होतं, हेही लपवत नाही. खोका तू स्वतः आणला नाहीस, रोंडाच्या हाती पाठवलास. मला सोडून जिच्याशी लग्न केलंस तिलाच माझ्या दारात उभं करायचं, आणि तेही स्वतःचं काम करून घ्यायला, हे जगात फक्त तुलाच सुचू शकतं. बिचारी पिकअपमधून उतरली तेव्हा तिनं तो खोका अंगापासून लांब धरला होता, आत मेलेलं मांजर असल्यासारखा. "व्हर्लिननं पाठवलंय. म्हणाला, तुम्हाला बघितल्यावर कळेल," एवढं एका दमात बोलली आणि परत निघायलाच वळली. आत तुझी चिठ्ठी होती. 'तुझी काडतुसं सरळ जात नाहीत. माप बिघडलंय. सप्टेंबरच्या जोडीच्या सामन्याआधी पावडरचं पूर्ण माप लिहून पाठव.' कृपया नाही, कशी आहेस नाही. चार वर्षांनी आलेली चिठ्ठी, आणि तिच्यातही पहिलं वाक्य माझी चूक दाखवणारं. वाचल्यावर मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

खरं सांगते, रोंडाचा राग राग करायची मी चांगली तयारी ठेवली होती. कधीतरी ती समोर येईल तेव्हा काय काय बोलायचं, हे मी भांडी घासताना कितीदा तरी पाठ केलं होतं. पण उन्हात उभी ती, मानेवर घामोळं आलेलं, पायात शेतातले बूट, आणि चेहऱ्यावर तीच ओळखीची घाई. उशीर झाला तर घरी काय ऐकावं लागेल याची ती घाई मला लगेच ओळखू आली. मी म्हटलं, "कॉफी घेऊन जा." ती म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही दारच उघडणार नाही." मी म्हटलं, "दार उघडलं नाही तर भांडणार कोणाशी?" ती हसली. मग दोघी स्वयंपाकघरात बसलो, तिनं पावाला चोकचेरीची जेली लावून दोन तुकडे खाल्ले आणि तिसऱ्याकडे बघत राहिली. तुझ्या घरी अजूनही जेवताना कोणाचं ताट किती भरलंय हे मोजलं जातं वाटतं. मी तिसरा तुकडा तिच्या ताटात टाकला. मग ती मोकळी झाली. म्हणाली, "तो सांगतो, तुम्ही पुंगळ्या छान घासायच्या."

पुंगळ्या छान घासायची. इतक्या वर्षांच्या संसाराचा तू हा सारांश काढलास. त्यावर मला राग आला असं म्हणणं म्हणजे ऑगस्टात थोडं उकडतंय म्हणण्यासारखं आहे. तळघरातलं ते टेबल तुला आठवतं का रे? लोणच्याच्या बरण्यांशेजारचं, माझ्या वडिलांनी ठोकून दिलेलं? आठवणार कसं, तू तिथे फक्त मी भरलेल्या काडतुसांचे डबे उचलायला यायचास. त्या टेबलावर एका वेळी बंदुकीच्या पावडरचा एकच डबा असायचा, दुसरा जिन्याच्या वर, कुलपात. एकदा का दोन डबे शेजारी आले, की कधीतरी, कोणीतरी, फोन वाजल्यावर उठतं आणि परत येऊन उरलेली पावडर चुकीच्या डब्यात ओततं, आणि मग महिनाभरानं रायफल फुटते. म्हणून मी फोनचा रिसीव्हर काढून ठेवायची, रेडिओ बंद. काडतुसाची प्रत्येक रिकामी पितळी पुंगळी हातात घेऊन तिच्या गळ्याशी चीर आहे का बघायची, प्रत्येकीतली पावडर काट्यावर तोलायची, आणि सगळ्या भरून झाल्या की गोळी बसवायच्या आधी दिवा धरून एकेकीत डोकावायची. सगळ्यांत पावडर सारख्या उंचीवर दिसली पाहिजे. एखादीत जरा जास्त वाटलं तर ती ओतून पुन्हा. तू जिन्याच्या दारात उभा राहून म्हणायचास, "झालं का मार्लिसचं चर्च सुरू?" आणि मित्र आलेले असले की त्यांना ऐकू जाईल असं म्हणायचास, "तिला स्वयंपाकातही एवढं लक्ष देता आलं असतं तर मी जाड असतो." सगळे हसायचे. मीही हसायची. ते हसणं मला आता ओकारीसारखं आठवतं.

आणि नेमबाजीचा सामना हरलास की सगळं माझ्या अंगावर. जिंकलास तर तुझा डोळा, हरलास तर माझा हात. चांदमारीवरून तू परत यायचास, मी मागच्या तंबूत काडतुसांच्या डब्यांशी बसलेली, आणि तुझ्या चालण्यावरूनच मला कळायचं. "तुझ्या हाताला स्थिरता नाही," म्हणायचास. "वेडीवाकडी गेली सगळी." मी म्हणायची, कागद दाखव. कागद कधी मिळाला नाही. हजार यार्डांवरून, निशाणाखालच्या खड्ड्यात बसलेली पोरं निशाणाचे कागद गुंडाळून आणतात, गुण मोजून झाले की ज्याचा कागद त्याच्या हातात देतात. जिंकलेले तू चौकटीत घालून बैठकीत लावलेस. हरलेले कागद मी आजवर पाहिले नाहीत. तंबूपर्यंत यायच्या आत तू ते कचरा जाळायच्या पिंपात टाकून यायचास. मला वाटायचं, लाज वाटते बिचाऱ्याला. तुझ्यासाठी मला वाईटही वाटायचं. एवढी मी मूर्ख होते.

आईच्या अंत्यविधीचा दिवस तू विसरला असशील, म्हणून आठवण करून देते. आदल्या आठवड्यात तू मिझूलाच्या सामन्यात हरून आला होतास. चर्चमधून आपण घरी आलो, वर स्वयंपाकघरात शेजारणी भाजलेल्या पदार्थांची भांडी घेऊन आलेल्या, माझी मावशी डोळे पुसत उभी, आणि तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "उरलेली सगळी काडतुसं उघड. मला आजच्या आज कळलं पाहिजे." मी काळ्या कपड्यांत तळघरात गेले. तो गोळी उपटायचा हातोडा आपटत एकेक काडतूस उघडलं, पावडर काट्यावर घातली. वर आईबद्दल लोक बोलत होते, त्यांना खालून ठक ठक ऐकू येत होतं. मावशीनं विचारलं, ही काय करतेय? तू म्हणालास, "दुःखात माणूस काहीतरी हाताला काम शोधतो." सगळी काडतुसं बरोबर निघाली. एकातही कणभर फरक नव्हता. मी वर येऊन तुला तसं सांगितलं, तेव्हा तू कॉफीत साखर ढवळत म्हणालास, "म्हणजे तुझा काटाच खोटा असणार." त्या दिवशी मी आईसाठी रडले नाही. तुझं बोलणं खरं असेल या भीतीनंच रडले.

ते चषकांचंही आज बोलूनच टाकते. जोडीच्या सामन्याच्या चषकावर दोन नावं कोरायची क्लबची पद्धत आहे, एक गोळी झाडणाऱ्याचं आणि एक काडतूस भरणाऱ्याचं. भरणारा वाईट असेल तर झाडणारा काही करू शकत नाही, हे आपल्या जुन्या लोकांना कळत होतं म्हणून ती पद्धत पडली. तुझ्या चषकांवर काय कोरलंय? व्हर्लिन आणि व्हर्लिन. पहिल्या वर्षी मला वाटलं कोरणाऱ्याची चूक झाली. ओर्व्हिल, आपला म्हातारा गुण मोजणारा, तो मोठ्यानं म्हणाला होता, "अरे वा, व्हर्लिन आणि त्याची सावली." लोक हसले आणि तूही हसलास. सावलीनं घरी येऊन तो चषक पुसून फडताळात ठेवला. पुढच्या वर्षीही तेच झालं, त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि जाताना तू चषक नेलेस, रायफल नेलीस, आणि माझ्या हातानं भरलेल्या काडतुसांचे डबेही नेलेस. त्या वेळी मला त्या डब्यांचंच जास्त लागलं होतं. हात अस्थिर आहेत म्हणायचं आणि त्या हातांनी भरलेलं सगळं गाडीत घालून न्यायचं. विचारणार होते, पण तू गाडी सुरू केली होतीस.

तर आता तुझ्या खोक्याकडे वळते. त्यात निशाणाचे दोन कागद गुंडाळलेले होते आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या झाडलेल्या पुंगळ्या. दोन्ही कागदांवर तुझी आद्याक्षरं, तारीख एकच, जुलैतली दुपार. कोपऱ्यात तूच लिहिलंस, 'मार्लिसचा शेवटचा डबा'. मी तो पहिला कागद टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर मिठाची आणि मिरीची बाटली ठेवली, आणि बराच वेळ नुसती बघत राहिले. रोंडाला वाटलं मला काही होतंय. तिनं पाणी आणून दिलं. व्हर्लिन, तू आयुष्यभर जी गोष्ट पिंपात जाळलीस ती या वेळी स्वतःच्या हातानं बांधून पाठवलीस. का, तर तुला फुकटात दुरुस्ती हवी होती. हरलेला कागद मला दाखवायचा नसतो, हे तू माप मागायच्या घाईत विसरलास.

तुझ्यासारख्या जाणत्याला हे सांगायला नको, पण मला सांगताना मजा येतेय. गोळ्या वरखाली फाकल्या तर दोष काडतुसाचा. एकीत पावडर कमी, एकीत जास्त, एक हळू जाते, एक जोरात, म्हणून एक खाली लागते, एक वर. आणि डावी-उजवीकडे फाकल्या तर दोष झाडणाऱ्याचा, कारण आडवं ढकलतो तो वारा, आणि वारा बघायचं काम त्याचं. तुझ्या त्या कागदावरच्या गोळ्या, एका शेवटापासून दुसऱ्या शेवटापर्यंत, कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या एका सरळ रेषेत आहेत. वरखाली म्हणशील तर माझ्या तळहातात मावतील. हजार यार्डांवर, चार वर्षं जुन्या, तुझ्या गाडीत हादरे खाल्लेल्या काडतुसांनी. आणि आडव्या म्हणशील तर पार कागदाबाहेर जायच्या बेतात. माझे हात स्थिर होते रे. सगळी वर्षं स्थिर होते. सगळ्या क्लबला माहीत असणार, ओर्व्हिलला तर नक्कीच, त्याच्या हातात तुझे कागद आधी यायचे. कोणीही मला सांगितलं नाही. त्या दिवशी मी रोंडासमोर टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि तिला वाटलं मी तुझ्यासाठी रडतेय. मी मान वर करून सांगितलं, "नाही गं बाई. आईसाठी."

मग मला तुझे जिंकलेले कागदही आठवायला लागले. एकेक आठवून बघितला. प्रत्येक वेळी चिठ्ठ्या टाकल्यावर तुला सकाळची पहिली फेरी आली होती, गवताचं पातं हलत नसतं तेव्हाची. आणि तू बैठकीत लोकांना सांगायचास, "मला वारा दिसतो." क्लबनं लावलेल्या वाऱ्याच्या झेंड्यांकडे तू बघायचाही नाहीस, म्हणायचास झेंडे नवशिक्यांसाठी असतात. तुला वारा कधीच दिसला नाही, व्हर्लिन. तो नसला की तू जिंकायचास, एवढंच. आंधळ्यानं दुपारच्या उजेडाची बढाई मारावी तसं ते होतं, आणि मी इतकी वर्षं कौतुकानं ऐकत बसले होते.

दुसरा कागद बघितला आणि मला हसू फुटलं. त्याच दुपारचा, त्याच डब्यातला, पण सगळ्या गोळ्या एका जागी. वरखालीही नाहीत, आडव्याही नाहीत. कॉफीचा कप उपडा ठेवला तर सगळ्या झाकल्या जातील. मी रोंडाला विचारलं, "हा त्याचा नाही ना?" तिचे कान लाल झाले. म्हणाली, "मी नुसता चाप ओढला. तो म्हणतो नशीब होतं." मी विचारलं, वारा कसा बघितलास? तर म्हणे, बघायचं काय त्यात. तिचे वडील विमानातून पिकांवर फवारणी करायचे आणि लहानपणापासून ती शेताच्या कडेला निशाण धरून उभी राहायची. औषध शेजाऱ्याच्या शेतात उडालं तर भांडण ठरलेलं. त्यामुळे गहू कसा वाकतोय, धूळ कुठे बसतेय, हे तिला विचार न करता दिसतं. "मधेच खड्ड्यापाशी वारा उलटा फिरतो, तो थांबेपर्यंत मी थांबले," असं इतक्या साधेपणानं सांगितलं, की तुला ते ऐकताना बघायला मी काहीही दिलं असतं. आणि तू त्या कागदावर आपली आद्याक्षरं टाकलीस. चषकावर बायकोचं नाव गाळायची सवय मी समजू शकते. पण तिच्या गोळ्यांवर आपलं नाव घालण्यापर्यंत तू घसरला असशील, असं मलाही वाटलं नव्हतं.

त्या पुंगळ्यांबद्दल मात्र मला चेष्टा करवत नाही. रोंडानं सांगितलं, माझा डबा संपल्यावर तू स्वतः काडतुसं भरायला बसलास. माझ्या डब्यावरच्या चिठ्ठीतला आकडा घेतलास आणि नवीन आणलेल्या पावडरला तोच लावलास. प्रत्येक नवा डबा जरा वेगळा जळतो, त्याला खालून, कमी पावडरीनं, सुरुवात करायची असते, हे मी तुला जिन्यावरून कितीदा ओरडून सांगितलं असेल. आणि त्यावर गोळ्या आडव्याच जातात म्हटल्यावर तुझ्या हुशार डोक्यानं काय काढलं, तेही मला कळलं. गोळी जितकी जोरात, तितका वारा तिला कमी ढकलतो. म्हणून पावडर वाढवली. तरी आडव्या, म्हणून अजून वाढवली. जो वारा तुला दिसत नाही त्याला तू पावडर घालून हरवायला निघालास. पुंगळ्यांची बुडं बघ कधी, तुझ्याकडे डोळे असतील तोवर. प्राइमर, ती ठिणगीची टोपी, बुडात चेपून सपाट झालीय, कडेला गोलाई उरलेली नाही. पितळेवर बोल्टचा, रायफलचं मागचं तोंड बंद करणाऱ्या त्या खिटीचा, ठसा चकाकतोय. दोन पुंगळ्यांत तर टोपी इतकी सैल झालीय, की मी उलट्या केल्यावर ती टेबलावर पडली. पुंगळी यापेक्षा मोठ्यानं ओरडू शकत नाही. मी रोंडाला विचारलं, बोल्ट सहज उघडतो का? तिनं कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "तो लाकडाच्या हातोडीनं वर ठोकतो. मी म्हटलं हे बरोबर नाही, तर म्हणाला, तू आपलं फवारणीचं बघ." आणि काडतुसं तू गाडीच्या काचेपाशी उन्हात ठेवतोस, हेही तिनं सांगितलं. उन्हात तापलेलं काडतूस अजून जोरात पेटतं. ती तुझ्या उजव्या बाजूला उभी असते, व्हर्लिन. बोल्ट मागे आला तर आधी तुझा डोळा जाईल आणि उडालेलं लोखंड तिच्या तोंडावर जाईल.

त्या दिवशी मी तिच्या हाती तुला काहीच पाठवलं नाही. 'विचार करून लिहीन' एवढा निरोप दिला, आणि तू तो ऐकून म्हणालास म्हणे, "म्हातारी भाव खातेय." खाल्ला की. तुला आकडा हवा होता आणि तसा आकडा कोणाकडेच नसतो. खालून सुरू करायचं, थोडं थोडं चढायचं, प्रत्येक पायरीला पुंगळी हातात घेऊन तिचं ऐकायचं, आणि पितळानं पहिली कुरकुर केली की थांबून दोन पावलं मागे यायचं. मधेच कुठेतरी एक जागा येते, तिथे पावडर जरा इकडेतिकडे झाली तरी गोळ्या एकाच उंचीवर लागतात. तीच जागा शोधायची असते. तिथे रायफल समाधानी असते आणि आपण तिला अजून पळवायचं नसतं. हे तुला कसं जमेल? तुझ्याजवळ कुठलीच गोष्ट समाधानी राहिली नाही. नाहीतर हे माप तुला मी लग्नाच्या पहिल्याच हिवाळ्यात शिकवलं असतं.

बाकी इकडची बातमी म्हणशील तर टोळ फार झालेत, बाग खाल्ली. गव्हाची कापणी आटोपली. चर्चच्या तळघरातल्या जेवणाला मी भाजीचं मोठं भांडं घेऊन गेले आणि मिसेस ओल्सननं तिसऱ्यांदा विचारलं, मी पुन्हा लग्न का करत नाही. मी म्हटलं, सवय लागायला नको. रोंडाच्या बहिणीच्या कमरेचं ऑपरेशन झालंय म्हणे, आणि रोंडाला दर आठवड्याला माइल्स सिटीला जावं लागतं. तू तिला कुरकुर न करता जाऊ देतोस, याचं मला आश्चर्य वाटलं. बहुतेक घरात नसलेल्या बायकोशी तुझं बरं पटत असावं. वडिलांच्या जुन्या रायफलला मी नवी नळी बसवून घेतली, तू नेली नाहीस ती एकच वस्तू. तू म्हणायचास तिच्या दस्त्याला कीड लागलीय. कीड लागली नव्हती, तू कधी हातात घेऊन बघितली नव्हतीस. माझं तळघर पुन्हा सुरू आहे. डबा एकच, फोनचा रिसीव्हर खाली. फक्त आता तिथे कोणी दारात उभं राहून हसत नाही, आणि वरून कॉफीचा वास येतो. दोन कपांचा.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. ते तुला गुरुवारी मिळेल असा हिशेब करून टाकतेय. वाचून झालं की उठ आणि रायफलचं कपाट उघड. बोल्ट नाही. तो माझ्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी आहे. काल रोंडा बहिणीकडे जायला निघाली तेव्हा तिच्या पिशवीत, स्वेटरमध्ये गुंडाळलेला होता. तिच्या बहिणीची कंबर ठणठणीत आहे, गेले सगळे आठवडे ती इथेच येत होती, आणि कल्पना माझी असली तरी बोल्ट काढला तिनंच. ती तुझ्याकडे परत येणार की नाही हे मी विचारलेलं नाही, ते तिचं ती बघेल. शनिवारच्या जोडीच्या सामन्यात झाडणारी रोंडा आहे, भरणारी मी, आणि चिठ्ठीत आम्हाला दुपारची फेरी आलीय, भर वाऱ्यातली. तुझी त्या वेळची तडफड मला दिसतेय. तू ओर्व्हिलकडे धावशील आणि त्याच्या रायफलचा बोल्ट उसना मागशील. त्याला मी सांगून ठेवलंय, तो देणार नाही. दुसरं कोणी दिलं तरी घेऊ नकोस. दुसऱ्याचा बोल्ट तुझ्या नळीला नीट बसणार नाही, आणि त्या तुझ्या काडतुसांपुढे तो एका गोळीत तुझ्या तोंडात येईल. ती काडतुसं पाण्याच्या बादलीत टाक आणि बादली उन्हापासून लांब ठेव. हे मी प्रेमानं लिहितेय असा गैरसमज करून घेऊ नकोस. शनिवारी खड्ड्यातून आमचा कागद वर येईल, गोळ्या एका कपाखाली झाकलेल्या, आणि गर्दीत तू उभा असशील. तो कागद तुला दोन्ही डोळ्यांनी बघायचाय, व्हर्लिन. म्हणून तुझे डोळे मला शाबूत हवेत.

पुंगळ्या छान घासणारी,
मार्लिस